बनावट फिगर कशी ओळखायची? एक नेंडोरॉइड, एक प्राइझ फिगर

निळीवेणी

नमस्कार मंडळी. दोन वापरलेल्या फिगर (कार्टूनमधल्या वगैरे पात्रांच्या छोट्या मूर्ती) घ्यायचा विचार चालू आहे. एक गुड स्माइल कंपनीची नेंडोरॉइड (मोठ्या डोक्याची, सुटे चेहरे आणि हात असलेली छोटी फिगर), हात्सुने मिकू या आभासी जपानी गायिकेची, मिकू २.०, क्रमांक ३००. दुसरी वन पीस या जपानी कार्टून मालिकेतल्या लुफीची, बॅनप्रेस्टो कंपनीची प्राइझ फिगर, म्हणजे गेम मशीनमधलं बक्षीस म्हणून निघालेली. विक्रेते वेगवेगळे आहेत आणि दोघेही 'शंभर टक्के ओरिजिनल' म्हणतात.

मिकूच्या खोक्यावर लोगो आणि बारकोड आहे, पण चकाकणारं स्टिकर एकही नाही. लुफीच्या खोक्यावर मात्र मांजराचं तोंड असलेलं चंदेरी स्टिकर आहे. दोन्हींवर 'मेड इन चायना' लिहिलंय.

स्टिकर नाही म्हणजे मिकू नकली समजायची का? चीनमध्ये बनली हा वाईट संकेत आहे का? विक्रेत्याकडून नेमके कोणते फोटो मागवू? आणि फिगर हातात आल्यावर आधी काय तपासायचं?

सागरसफर

ते मांजर तोएई अ‍ॅनिमेशन या जपानी कार्टून कंपनीचं. ज्या मालिका तोएईच्या आहेत (वन पीस, ड्रॅगन बॉल, सेलर मून वगैरे) त्यांच्या जपानी बाजारातल्या मालावर ते स्टिकर लागतं. मिकूचा तोएईशी काही संबंध नाही, त्यामुळे तिच्या खोक्यावर ते नसणारच. लुफीवर आहे, तर लुफी निर्धास्त घ्या. मिकूबद्दल इतर जाणकार सांगतील.

खुंटीखाच

सागरसफर, स्टिकर कुणाच्या मालावर असतं हे अगदी बरोबर. 'निर्धास्त घ्या' याला मात्र माझी हरकत आहे. ते स्टिकर म्हणजे छापलेला चिकट कागद. जो माणूस अख्खी फिगर साच्यात ओततो त्याला स्टिकर छापणं अवघड नाही, आणि तोएईच्या स्टिकरच्या नकला बनावट खोक्यांवर सर्रास दिसतात. उलट बाजूही बघा: जपानबाहेरच्या वितरकांसाठी निघालेल्या अस्सल मालावर ते स्टिकर नसूही शकतं. म्हणजे असलं तरी निकाल लागत नाही आणि नसलं तरी लागत नाही.

चीनचंही तसंच. जपानी कंपन्यांच्या बहुतेक अस्सल फिगर चीनमध्येच बनतात. गुड स्माइलचा जपानात तोत्तोरी प्रांतातल्या कुरायोशीला 'लकी फॅक्टरी' नावाचा कारखाना आहे, तिथून काही नेंडोरॉइड बाहेर पडतात, पण क्रमांक ३०० वर 'मेड इन चायना' असणं यात वावगं काहीच नाही. तोच शब्द पकडून काही विक्रेते 'कारखान्यातला उरलेला माल', 'चायना व्हर्जन' असं सांगून बिनखोक्याची नक्कल खपवतात. तसलं वर्णन दिसलं की तिथेच थांबा.

मुख्य गोष्ट अशी की नक्कल करायला जे सोपं आहे त्यावर भर द्यायचा नाही. लोगो, बारकोड, स्टिकर, खोक्याची मांडणी हे सगळं स्कॅन करून मिळतं. महाग आणि अवघड असतं ते म्हणजे बारीक छपाई, रंगांच्या कडा, केसांचे शेंडे आणि सांध्यांचं मोजमाप. बनावट माल स्वस्त पडतो तो नेमका याच ठिकाणी हात आखडता घेतल्यामुळे. म्हणून तपासायचं ते इथे.

मिकूच्या बाबतीत चेहऱ्यापासून सुरुवात करा. नेंडोरॉइडचे डोळे चेहऱ्याच्या सुट्या तुकड्यावर थरावर थर देऊन छापलेले असतात: बुबुळाचा गडद रंग, त्यावर फिकट छटा, पांढरा ठिपका, पापणीची रेघ. अस्सल तुकड्यावर हे थर एकमेकांवर नेमके बसतात. नकलेत पांढरा ठिपका बुबुळाच्या बाहेर सरकलेला, पापणी जाडजूड किंवा तुटक, दोन डोळे एकमेकांशी किंचित तिरके असं दिसतं. गालावरची लाली अस्सलमध्ये कडेला विरत जाते, नकलेत गोल ठिपका उमटवल्यासारखी दिसते. त्वचा अस्सलमध्ये मंद, बिनचकाकीची असते. नकलेची त्वचा तेल लावल्यासारखी चमकते किंवा मेणचट पिवळी, नाहीतर फार गुलाबी असते.

मग केस. कपाळावरच्या बटांचे आणि दोन्ही झुपक्यांचे शेंडे अणकुचीदार हवेत. साचा हलक्या प्रतीचा असला की शेंडे बोथट होतात आणि साच्याच्या जोडाची रेघ बटेवर उभी आडवी स्पष्ट दिसते. अस्सलमध्ये ही रेघ शक्यतो बटांच्या मधल्या खाचेत लपवलेली असते.

मिकूत आणखी एक उत्तम जागा आहे: सुट्या बाह्या. तिच्या पोशाखाची कल्पना यामाहाच्या डीएक्स७ या सिंथेसायझरवरून घेतली आहे, त्यामुळे बाह्यांवर बटणांची बारीक रांग असते. दहा सेंटीमीटरच्या फिगरवर ती रांग किती लहान असेल बघा. बनावट फिगरमध्ये ती बहुधा एकमेकांत मिसळलेले ठिपके होऊन बसते. दंड उघडा दिसत असेल तर त्यावरचा लाल '०१' आकडाही बघा, रंग पसरलाय का ते लगेच कळतं.

हे सगळं कशाशी ताडून बघायचं? त्याच क्रमांकाच्या, कंपनीच्या पानावरच्या फोटोंशी. मिकूच्या नेंडोरॉइड ढीगभर आहेत. २००८ सालची क्रमांक ३३ वेगळी, २०१३ ची ३०० वेगळी. चुकीच्या आवृत्तीशी तुलना केली तर अस्सल फिगरसुद्धा नकली वाटेल. पुनर्मुद्रणासारख्या दुसऱ्यांदा काढलेल्या मालात स्टँड आणि खोक्यावरचा मजकूर बदललेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. मायफिगरकलेक्शन या संकेतस्थळावर संग्राहकांनी टाकलेले प्रत्यक्ष फोटो सापडतात. कंपनीचे फोटो रंगवलेल्या नमुन्याचे असतात, त्यामुळे घरगुती उजेडात काढलेले फोटो तुलनेला जास्त उपयोगी पडतात.

फोटो मागवताना मोघम 'अजून फोटो टाका' म्हणू नका, नाहीतर खोक्याचेच चार फोटो येतील. हे मागा: चेहरा समोरून, अगदी जवळून, फ्लॅश न वापरता. डोक्याची मागची बाजू. बाही. पुढचे केस काढून दिसणारा मानेचा सांधा. बेसची खालची बाजू. सगळे सुटे भाग एका ओळीत मांडून. आणि एका फोटोत शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे फोटो त्याच वस्तूचे आहेत हे कळेल. ज्याच्याकडे वस्तू खरोखर आहे त्याला हे दहा मिनिटांचं काम आहे.

भिंगवाला

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन, पण खोका अगदीच निरुपयोगी नाही. खोक्यावर काय छापलंय ते न बघता कसं छापलंय ते बघायचं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नसेल तर फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्यानेही भागतं. खोक्याच्या मागे सूचनांचा बारीक काळा मजकूर असतो, तो बघा. मूळ छपाईत बारीक काळी अक्षरं साधारणपणे एकट्या काळ्या शाईने छापतात, त्यामुळे कडा स्वच्छ दिसतात. बनावट खोका हा बऱ्याचदा मूळ खोक्याचा स्कॅन असतो. स्कॅनमध्ये मजकूर हे चित्रच होऊन जातं, आणि छापताना ते काळं अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांनी बनतं. भिंगाखाली अक्षराच्या कडेला रंगीत ठिपक्यांची झालर दिसते. गुंतागुंतीच्या कांजी अक्षरांच्या (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्राक्षरांच्या) आतल्या रेघा भरून जाऊन काळा डाग होतो. नुसत्या डोळ्यांना हाच मजकूर जरा धूसर वाटतो एवढंच. मोठ्या चित्रात ठिपके दिसले तर घाबरू नका, रंगीत छायाचित्र मूळ छपाईतही ठिपक्यांनीच बनतं. फक्त बारीक काळ्या अक्षरांपुरतीच ही कसोटी लावा.

बारकोडबद्दल. जपानमध्ये नोंदलेले तेरा आकडी कोड ४५ किंवा ४९ ने सुरू होतात. शेवटचा आकडा हा आधीच्या बाराचा पडताळा असतो. हिशोब असा: विषम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज, अधिक सम स्थानांवरच्या आकड्यांच्या बेरजेची तिप्पट, आणि या एकूण बेरजेत पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जायला जे कमी पडतं तो तेरावा आकडा. नमुन्यादाखल ४९०१२३४५६७८९ घ्या. विषम स्थानं ४+०+२+४+६+८ = २४. सम स्थानं ९+१+३+५+७+९ = ३४, तिप्पट १०२. एकूण १२६, पुढचा दहाचा पट १३०, म्हणून तेरावा आकडा ४.

हिशोब चुकला तर खोका बनावट. हिशोब जुळला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण अस्सल कोड जसाच्या तसा उचललेला असू शकतो. कोड शोधयंत्रात टाकून बघणं जास्त कामाचं: भलत्याच फिगरचा कोड निघाला तर प्रश्न मिटला.

कंपनीच्या नावावरून मात्र घाईने निकाल देऊ नका. बंडाई स्पिरिट्स ही कंपनी २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बॅनप्रेस्टो तिच्यात विलीन झाली. बॅनप्रेस्टो हे नाव ब्रँड म्हणून चालू आहे. त्यामुळे जुन्या आणि नव्या अस्सल खोक्यांवर कंपनीची ओळ वेगळी दिसेल. लुफीची ती फिगर कोणत्या वर्षी निघाली ते आधी शोधा, मग ओळ जुळवा.

निळीवेणी

सगळ्यांचे आभार. खुंटीखाच यांनी सांगितलेली यादी दोघांनाही पाठवली होती, फोटो आले.

मिकू: डोळे स्वच्छ, पांढरा ठिपका जागेवर. बाहीवरची बटणं वेगवेगळी मोजता येतात. बेसखाली क्रिप्टन फ्यूचर मीडियाची (मिकूचे हक्क असलेली कंपनी) हक्काची ओळ वाचता येते. पण डाव्या झुपक्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आहे, आणि झुपका सांध्यात थोडा ढिला आहे असं विक्रेत्यानेच सांगितलं.

लुफी: टोपीवरच्या लाल पट्टीचा रंग गवती भागावर उतरलाय. छाती आणि पाय चमकतात. डाव्या डोळ्याखालच्या व्रणाच्या जागी एक तपकिरी रेघ आहे, टाके दिसत नाहीत. तळव्यावर काहीतरी उठावाची अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत. प्राइझ फिगर साधीच असते असं विक्रेत्याचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे का?

खुंटीखाच

मिकू अस्सल दिसतेय. रंगाचा एखादा ठिपका हा अस्सल मालातही निघतो, कारखान्यातली तपासणी काही प्रत्येक मिलिमीटरची नसते. ढिला सांधा वापराने होतो. नकलेत ढिलाई आणि घट्टपणा दोन्ही एकाच फिगरमध्ये सापडतात: एक हात गळून पडतो आणि दुसरा बसतच नाही, कारण खुंटी आणि खाच यांची मापंच जुळलेली नसतात. मिकूचे बाकीचे सांधे ठीक असतील तर घ्यायला हरकत नाही.

लुफीबद्दल विक्रेत्याचं बोलणं अर्धं खरं आहे. प्राइझ फिगर जपानी गेम सेंटरमधल्या मशीनसाठी बनते आणि अशा बक्षिसाच्या बाजारभावाला तिथे मर्यादा असते: आधी साधारण ८०० येनची होती, २०२२ पासून साधारण १००० येनची. त्या खर्चात रंगछटा कमी, जोड-रेघा थोड्या उघड आणि बेस साधा असणार हे धरूनच चालायचं. ती महागड्या स्केल फिगरच्या (पात्राच्या उंचीच्या ठराविक प्रमाणात बनवलेल्या) मापाने मोजू नका, नाहीतर सगळ्याच प्राइझ फिगर नकली ठरतील.

पण साधं असणं वेगळं आणि रंग सांडणं वेगळं. कमी खर्चातही पट्टीची कड सरळ येते. व्रणावर दोन टाके हवेतच, ते लुफीच्या चेहऱ्याचं ओळखचिन्ह आहे. टाके छापलेलेच नसतील तर तो तपासणीतून निसटलेला एखादा दोष मानता येत नाही, मूळ छपाईची आकृतीच तिथे नाही. आणि तळव्यावरची न वाचता येणारी अक्षरं सगळ्यात बोलकी आहेत. अस्सल फिगर विकत घेऊन तिचाच साचा काढला की उठावाची अक्षरं बुजतात, कारण बारीक तपशील आधी तिथेच मरतो. लुफी सोडून द्या.

सागरसफर

टाक्यांचा मुद्दा बिनतोड आहे, तेव्हा लुफी घ्या हा माझा सल्ला मागे. स्टिकरबद्दल एक भर घालतो: फोटो स्थिर असतो, म्हणून विक्रेत्याला खोका उजेडात हलवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. नुसत्या राखाडी शाईने छापलेलं मांजर हलवल्यावर एकसारखं मेलेलं दिसतं. चमकलं तरी निकाल फिगर बघूनच द्यायचा, हे आता मान्य.

रेझिनप्रेमी

साच्याचा विषय निघालाच आहे तर मापाबद्दल लिहितो. अस्सल वस्तूवरून काढलेल्या साच्यातून येणारी नक्कल मूळपेक्षा लहान भरते, कारण ओतलेलं द्रव्य घट्ट होताना आटतं. समजा ३ टक्के आटलं, तर २० सेंटीमीटरच्या फिगरमध्ये ६ मिलिमीटर कमी पडतात, हे साध्या पट्टीनेही कळतं. नेंडोरॉइडच्या १० सेंटीमीटरमध्ये हाच फरक ३ मिलिमीटर येतो, तिथे व्हर्नियर कॅलिपर हवा.

उंची पात्राच्या उंचीवरून काढत बसू नका. मिकूची अधिकृत उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे १/७ स्केलला सुमारे २२.६ आणि १/८ ला सुमारे १९.८ येतात. पण फिगर वाकलेली असते, उडी मारत असते, केस वर उडालेले असतात. कंपनीने त्या उत्पादनासाठी दिलेली उंची घ्या, आणि ती बेससकट आहे की बेसशिवाय ते बघा. त्याहून खात्रीचं म्हणजे एखादा आकार न बदलणारा भाग मोजणं: बेसचा व्यास किंवा चेहऱ्याची रुंदी. ज्याच्याकडे अस्सल फिगर आहे अशा संग्राहकाला तेच माप विचारा.

रेझिनच्या गॅरेज किटमध्ये (शिल्पकारांनी थोड्या संख्येने ओतलेले, घरी जोडून रंगवायचे सुटे भाग) हा प्रकार जास्त बोचतो. वंडर फेस्टिव्हल या जपानमधल्या फिगरच्या मेळ्यात शिल्पकार त्या एका दिवसापुरता परवाना घेऊन थोडीच किट विकतात, आणि नंतर त्यांच्या नकला कितीतरी जास्त फिरत राहतात. ज्याने मूर्ती घडवली त्याच्या हातात त्यातलं काहीच पडत नाही. तिथे बघायचं ते म्हणजे पृष्ठभागावरचे टाचणीएवढे बुडबुडे, साच्याचे दोन अर्धे सरकल्याने जोडाशी पडलेली पायरी, आणि बोटांच्या मधल्या खाचेत भरलेलं रेझिन. अस्सल किटमध्येही एखाददुसरा बुडबुडा असतो, पण कपड्याच्या चुणीची धार मात्र तीक्ष्ण असते.

निळीवेणी

लुफीला नाही म्हणून कळवलं, मिकू मागवली. पोचल्यावर वास घेऊन बघावा असं काही ठिकाणी वाचलंय. ते कितपत धरायचं?

भिंगवाला

फार थोडं. नवीन पीव्हीसीला वास असतोच, आणि बरीच वर्षं बंद खोक्यात राहिलेल्या अस्सल फिगरलाही तो येतो. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं, त्यामुळे जुनी अस्सल फिगर चिकटही लागते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून मऊ ब्रशने धुतलं की ते जातं. उघड्या हवेत दोन दिवस ठेवूनही डोकं धरेल असा रॉकेल-रंगासारखा उग्र वास टिकला, तर तो बाकीच्या लक्षणांच्या जोडीला धरा.

वासापेक्षा मोठी काळजी घटकांची आहे. युरोपीय संघात डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयबीपी या थॅलेटांना (प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांना) ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, अमेरिकेत मुलांच्या वस्तूंवरच्या रंगातल्या शिशाला दहा लाखांत ९० भागांची. बनावट माल अशा कुठल्याच तपासणीतून जात नाही. नकली निघालेली फिगर लहान मुलाच्या हातात खेळणं म्हणून देऊ नका.

खुंटीखाच

पार्सल उघडताना व्हिडिओ सलग ठेवा: आधी पत्त्याचं लेबल, मग टेप कापणं, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग ब्लिस्टर (भाग ठेवायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा खाचांचा ट्रे). मध्ये कॅमेरा बंद केला तर तक्रारीत त्याला किंमत उरत नाही. ब्लिस्टरच्या खाचांत सगळे भाग हलके बसायला हवेत. एखादा भाग कोंबावा लागत असेल किंवा खाचेत खुळखुळत असेल तर तो भाग मूळचा नसावा. वापरलेल्या नेंडोरॉइडमध्ये अस्सल शरीराला नकली चेहरा किंवा नकली हात जोडून विकण्याचा प्रकार चालतो, म्हणून प्रत्येक सुटा चेहरा वेगळा तपासा. सगळ्या चेहऱ्यांच्या त्वचेचा रंग एका उजेडात शेजारी धरून मानेशी आणि हातांशी जुळवा.

चेहरा बदलताना पुढचे केस सरळ पुढे ओढायचे, पिळायचे नाहीत. मानेचा सांधा घट्ट वाटला तर तो भाग हात सहन होईल इतक्या कोमट पाण्यात मिनिटभर धरा, प्लॅस्टिक नरम होतं. कोरडा जोर लावला तर अस्सल सांधाही खुंटीपाशी तुटतो, आणि तुटका तुकडा आत अडकला की वस्तू परत घ्यायला विक्रेता तयार होणार नाही. ढिल्या झुपक्याचं काम तपासणी पूर्ण होऊन फिगर ठेवायची ठरल्यावरच करा: खुंटीवर पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा एक पातळ हात, पूर्ण वाळल्यावरच परत खाचेत. ओलं असताना बसवलं तर झुपका कायमचा चिकटेल.